मिठाची फिल्म: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2024

फिल्मची चौकट आज कागदावर उतरवली. लांबी पाच मिनिटं. विषय: पेण-उरण पट्ट्यातल्या एका मिठागराचा एक हंगाम, खाडीचं पाणी आत घेण्यापासून पहिल्या पावसापर्यंत. पात्रांचे संवाद नाहीत. फक्त एका बाईचा आवाज, जिची उमर मीठ ओढण्यात गेली. माध्यमं दोन: काचेवर खरं मीठ, आणि माणसांसाठी कापलेला कागद. सगळं कॅमेऱ्याखाली, हाताने, एकेक फ्रेम घेत.

हिशेब सरळ आहे. सेकंदाला 24 फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं आणि पाच मिनिटांना 3600. स्टुडिओत एवढं काम अनेक हातांत वाटलेलं असतं: कुणी मुख्य चित्रं काढतं, कुणी मधली भरतं, कुणी रेषा साफ करतं, कुणी रंगवतं. एकटीच्या आवाक्यात ही साखळी बसत नाही. त्यामुळे गेलं वर्षभर मी असं माध्यम शोधत होते ज्यात रेषा साफ करायला नको, रंग भरायला नको, चित्र आणि हालचाल एकाच वेळी हाताखालून उतरेल. मिठागराची गोष्ट मिठातच सांगायची हे सुचलं आणि शोध तिथे थांबला.

साथीला एक मित्र आहे, ध्वनीचं काम त्याचं. बाकी सगळं माझ्याकडे.

21 जानेवारी 2024

आज पूर्ण दिवस आगरावर. कॅमेरा पिशवीतच ठेवला, वही आणि रेकॉर्डर बाहेर.

जे चित्रात यायला हवं ते असं. भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घेतात. तिथून ते एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत नेतात आणि ऊन-वाऱ्याने ते टप्प्याटप्प्याने जड होत जातं. समुद्राचं पाणी बोमे मापकावर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायच्या साधनावर, साडेतीनच्या आसपास भरतं. 25 अंशांच्या घरात गेलं की मीठ धरायला लागतं. त्यापलीकडे फार वाढू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षारही उतरतात आणि मीठ कडवट होतं. ज्यांच्या आवाजावर फिल्म उभी राहणार आहे त्या काकींना मापक लागत नाही. त्या पाणी दोन बोटांत चोळतात आणि उद्या की परवा ते सांगतात.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्याआधीच्या कामाने. मीठ पडायच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. ओल्या चिखलात ओळीने उभं राहून, पाऊल पावलाला लावत, पूर्ण वाफाभर. पाय नीट पडले नाहीत तर मीठ ओढताना खालची माती वर येते आणि मीठ काळं पडतं. पांढऱ्याशुभ्र राशीखाली ही पावलं असतात आणि ती कुणाला दिसत नाहीत. फिल्मचा मधला भाग हाच.

काकींना विचारलं, किती वाजता सुरू करता? म्हणाल्या, "पानी बगून काम करायचा, घड्याल बगून नाय." रेकॉर्डर चालू होता. हे वाक्य फिल्ममध्ये जाणार.

वाऱ्याने अर्धं रेकॉर्डिंग वाया गेलं. मित्र पुढच्या वेळी माइकला केसाळ टोपी चढवून आणणार आहे.

3 फेब्रुवारी 2024

आधी आवाज, मग चित्र. हा क्रम पक्का केला. काकींच्या बोलण्यातून साडेचार मिनिटांची पट्टी कापली, त्यावर पेन्सिलची कच्ची चित्रं ब्लेंडर या मोफत अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये मांडली. कच्चा आराखडा आता सलग पाहता येतो.

या क्रमाचं मूळ पिंगुळीत आहे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. तिथे चित्र मुळीच हलत नाही. कथेकरी एक चित्र समोर धरतो, गातो, मधेच पात्राच्या आवाजात बोलतो, टाळ-तुणतुणं-हुडूक यांची साथ असते, आणि बघणाऱ्याला रथ धावताना दिसतो. पान उलटण्याची वेळ गाण्यात ठरलेली असते. अ‍ॅनिमेशन शिकताना मला हालचालीचे नियम शिकवले गेले. आवाजाने चित्र कसं हलतं ते मात्र मी पिंगुळीला शिकले.

म्हणून या फिल्मसाठी नियम असा: आवाजात जे आधीच घडतंय ते चित्रात पुन्हा करायचं नाही. काकी "वारा सुटला" म्हणतात तिथे वारा दाखवायचा नाही, चित्र धरून ठेवायचं. आराखड्यातले असे क्षण वेगळे काढले तर फिल्ममधला चांगला मोठा भाग स्थिर झाला. 3600 चा आकडा बराच खाली आला, पण त्याहून मोलाचं म्हणजे जिथे हालचाल उरली तिथे ती उठून दिसते आहे.

17 फेब्रुवारी 2024

टेबल तयार. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून मांडणी सविस्तर लिहून ठेवते.

दोन काचा, एकमेकींवर, मधे वीतभर अंतर. वरच्या काचेवर मीठ आणि कागद, खालच्या काचेवर पार्श्वभूमी. त्याही खाली काळं मखमली कापड, काचेपासून बरंच लांब. त्यामुळे काळा खरोखर काळा येतो. जर्मनीत लोटे रायनिगर 1920च्या दशकात असेच काचेचे थर वापरत होती. कल्पना शंभर वर्षं जुनी आहे आणि अजून एका सुताराच्या मदतीने चार दिवसांत उभी राहते.

कॅमेरा वर, काचेवर काटकोनात. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं हाताने ठरवलेलं. एकही गोष्ट ऑटोवर नाही. लेन्स जुनी, उजेड आत सोडणारं छिद्र हाताने लहानमोठं करायची. आधुनिक लेन्सचं छिद्र दर फोटोला पुन्हा बंद होतं आणि दरवेळी अगदी तेवढंच होत नाही. एका फोटोत हा फरक कळत नाही, पण सेकंदाला बारा फोटो सलग पाहिले की चित्र लुकलुकतं.

दिव्यांचंही तसंच. घरातली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, अर्ध्या सेकंदाचं ठेवलं की हे सगळं सरासरीत मिसळून जातं. व्होल्टेज पडलं तर मात्र अर्धा सेकंद काही कामाचा नाही, म्हणून दिवे आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर. खिडक्यांना काळा कागद. अंगात काळा सदरा, कारण पांढऱ्या कपड्याचा उजेड काचेत उतरतो.

2 मार्च 2024

मिठाच्या चाचण्या. दुकानातलं बारीक मीठ फार एकसारखं आहे, पिठासारखं सपाट दिसतं. आगरावरचं जाडं मीठ सुंदर, पण त्याचा एक खडा म्हणजे छोट्या पावलाएवढा. शेवटी जाडं मीठ खलबत्त्यात कुटून तीन प्रकारच्या चाळण्यांतून काढलं. सगळ्यात बारीक आभाळासाठी आणि पाण्यासाठी, मधलं जमिनीसाठी, जाडं राशीसाठी.

उजेड खालून द्यायचा की बाजूने? खालून दिला तर मीठ राखाडी, ढगाळ दिसतं. बाजूने, जवळजवळ काचेला टेकवून दिला तर प्रत्येक कण वेगळा चमकतो आणि काळ्यावर पांढरं असं चित्र येतं. बाजूचा उजेड ठरला. थर पातळ केला की करडा, जाड केला की पांढरा. रंगाची गरज उरत नाही.

कॅरोलाइन लीफने 1960च्या दशकाच्या शेवटी, हार्वर्डमध्ये शिकत असताना, काचेवर वाळू पसरून फिल्म केली आणि पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात या पद्धतीला फार वरच्या पातळीवर नेलं. तिच्या कामातून मी एक गोष्ट पक्की घेतली आहे: पुढचं चित्र करताना मागचं मोडावं लागतं. परत जाता येत नाही. एक शॉट सुरू केला की तो संपेपर्यंत तुम्ही त्याच्याबरोबर असता. संगणकावर चित्र काढणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे जाचक वाटतं. मला त्याने फार मोकळं केलं आहे. दहा पर्याय जपून ठेवायचे आणि मग त्यांतून निवडायचं, हे ओझं इथे नाही.

हत्यारं: मेकअपचे ब्रश, जुना टूथब्रश, चहाची गाळणी, आगपेटीच्या काड्या, चमचे. फावड्याच्या रेघांसाठी कंगवा, मधल्या चार दाती ठेवून बाकी तोडलेला.

24 मार्च 2024

आज होळी, बाहेर आवाज भरपूर, आत पावलांचा शॉट.

एका पावलाची रीत अशी बसली आहे. मिठाचा थर गाळणीने सारखा पसरायचा. चमच्याची पाठ टेकवून टाच उमटवायची, जरा हलकेच. मग चमचा पुढे वळवत चवडा. बोटं आगकाडीच्या डोक्याने, अंगठ्याला जरा जास्त दाब. एक फ्रेम. मग पाऊल उचललं जातंय म्हणून टाचेच्या कडेचं मीठ ब्रशने आत ढकलायचं, कारण ओल्या चिखलातून टाच निघताना कडा आत कोसळते. दुसरी फ्रेम. चवडा निघतो तेव्हा बोटांच्या पुढे एक बारीक उंचवटा येतो. तिसरी. मग पुढच्या पावलाकडे.

पाय दाखवायचेच नाहीत, हे आगरावर वही भरताना सुचलं होतं. फक्त पावलं उमटत जातात आणि वरून तुडवण्याचा आवाज. माणूस आपोआप उभा राहतो. पाय रेखाटले असते तर कुणाचे, किती वयाचे, असे प्रश्न आले असते. आता ते काकींचे आहेत आणि त्यांच्या सासूचेही.

पंखा लावता येत नाही, मीठ उडतं. तोंडाला रुमाल, श्वासानेही कण सरकतात. शॉट संपल्यावर ट्रायपॉडचे स्क्रू पुसून तेल लावायचं, एकदाही टाळायचं नाही. काचेला मिठाने ओरखडा येत नाही, पण लोखंड ते भराभर खातं.

19 एप्रिल 2024

वाफे भरण्याचा भाग संपला. रॉ फोटो प्रत्येकी 25 एमबीच्या आसपास. सगळ्या फिल्मचे मिळून 90 जीबीपर्यंत जातील असा अंदाज. दोन हार्ड डिस्क, एक घरी, एक बहिणीकडे.

9 जून 2024

मुंबईत मान्सून आज पोचल्याचं जाहीर झालं. इथे पेणला चार दिवस आधीपासूनच हवा जड होती आणि टेबलावरचं मीठ बोलायला लागलं होतं.

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढायला लागतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. आगरावरच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला पाझरतं. म्हणून जून ते सप्टेंबर मिठाचं चित्रण बंद, हे वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून होतं. आगरही याच काळात बंद असतं. पण शेवटच्या प्रसंगासाठी मी याच आठवड्याची वाट पाहत होते.

शेवटचा प्रसंग म्हणजे झाकायची राहून गेलेली रास पहिल्या पावसात विरघळते. हे ब्रशने करायचं नव्हतं. मूठभर कच्चं मीठ काचेवर राशीसारखं रचलं, खिडकी उघडली, दिवा तोच, कॅमेरा दर दोन मिनिटांनी एक फोटो घेईल असा लावला आणि रात्रभर सोडून दिला. दहा तासांत 300 फ्रेम, म्हणजे साडेबारा सेकंद. आधी राशीची टोकं गोल होतात. मग पायथ्याशी काळी चमक येते. काचेवर पाणी पसरतंय. मग एका बाजूचे खडे एकदम खाली बसतात आणि पूर्ण रास जरा कलते. हाताने केलेल्या कुठल्याही हालचालीत मला ते कलणं सुचलं नसतं.

सुट्या सुट्या फ्रेम घेऊन काळ आवळायची ही युक्ती आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट करण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना थोडा थोडा चित्रित केला. त्या छोट्या फिल्मवरच पैसे घालणाऱ्याचा विश्वास बसला. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती त्याहून खूप मोठी आहे. भांडवल नसलेल्या एका माणसाने घरातल्या घरात, एक रोप आणि एक कॅमेरा घेऊन, चलच्चित्र काय करू शकतं ते सिद्ध केलं. स्वतंत्रपणे अ‍ॅनिमेशन करणाऱ्या प्रत्येकाचा तो पूर्वज आहे.

14 जुलै 2024

पावसाळा म्हणजे कागदाचं काम. तोही ओल धरतो आणि कडा वर उचलतो, म्हणून बाहुल्या दोन कागद उलटसुलट चिकटवून केल्या आणि वापरात नसताना काचेखाली दाबून ठेवते.

एकूण तीन बायका आणि एक मुलगी. सांधे दोऱ्याने, मागून मेणाचा थेंब. खांद्याला सांधा आहे, कोपराला आहे, मनगटाला नाही. टोपली डोक्यावर धरली की मनगट हलत नाही, हे आगरावर बघून ठरवलं. चेहऱ्यावर डोळे-तोंड काही नाही. मानेचा कोन आणि पाठीचा बाक एवढ्यावर भागतं. भरलेली टोपली घेऊन जाताना गुडघा कमी वाकतो, पाऊल सपाट पडतं, आणि दर पावलाला टोपली किंचित उशिरा खाली येते. तो एका फ्रेमचा उशीर दिला की टोपलीत वजन येतं. रिकामी टोपली घेऊन परतताना तोच उशीर काढून टाकायचा.

एका परिचितांनी सुचवलं की चेहरे नीट रंगवले तर लोकांना पात्रं लक्षात राहतील, बक्षिसाची शक्यता वाढेल. विचार केला. नाही करणार. मिठाच्या पांढऱ्यात उन्हातून पाहिलं तर लांबची माणसं अशीच दिसतात, काळी आणि बिनचेहऱ्याची, आणि तरी गावातला प्रत्येक जण चालीवरून कोण ते ओळखतो.

25 ऑगस्ट 2024

गणपती जवळ आलेत. पेणमध्ये या दिवसांत दिवसभर कारखान्यांतले रंगाचे कॉम्प्रेसर चालू असतात. व्होल्टेज आणि टेबलाचा थरथराट, दोन्हींचा विचार करून कागदी बाहुल्यांचं चित्रण रात्री दहानंतर.

दिवसा पोटापाण्याचं काम: मुलांच्या पुस्तकांची चित्रं. त्यातून दर महिन्याला एक ठरलेली रक्कम फिल्मकडे वळते. पदरमोड आहे, पण मर्यादा घातलेली. कॅमेऱ्याला अडॅप्टर, दिवे, काचा, डिस्क, मित्राचं ध्वनीचं मानधन, काकींचं मानधन. सॉफ्टवेअरवर जवळपास शून्य: ब्लेंडर, क्रिटा, ऑडॅसिटी, सगळी मोफत. ज्यांना संगणकावरच चित्रं काढायची आहेत त्यांच्यासाठी ओपनटून्झही 2016 पासून खुलं आहे. सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून फिल्म होत नाही, हे आता कुणालाच म्हणता येणार नाही. वेळ परवडत नाही, हे खरं.

हक्कांचा विषय आजच मिटवला. काकींनी मागच्या खेपेला लग्नातल्या एका धवल्याच्या चार ओळी म्हटल्या होत्या. आगरी लग्नात धवलारणी म्हणतात ती ही गाणी. पिढ्यान्‌पिढ्यांची, कुणा एकाच्या मालकीची नाहीत. पण म्हणणारीचा हक्क वेगळा. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क 50 वर्षं टिकतो. म्हणून एका पानाचा मराठी करार केला: आवाज कुठे वापरला जाईल, मानधन किती, नाव कसं येईल, आणि पुढे फिल्म विकली गेली तर त्यांचा वाटा किती. काकींच्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवला, मग सही.

एका मित्राने जुन्या तबकडीवरचं गाणं सुचवलं होतं, "इतकं जुनं आहे, कोण विचारतंय?" इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. तबकडी मोकळी, गाणं बांधलेलं, असं होऊ शकतं. अमेरिकेतल्या नीना पेलीने 2008 साली रामायणावरची पूर्ण लांबीची फिल्म जवळजवळ एकटीने घरच्या संगणकावर केली, त्यात 1920च्या दशकातली गाणी घेतली, आणि नेमकं हेच तिच्यापुढे उभं राहिलं: गाण्यांच्या रचनांचे हक्क तिला मोठी रक्कम मोजून सोडवावे लागले. एवढं सगळं हाताने केल्यावर फिल्म वकिलाच्या टेबलावर अडकावी, यासारखं दुःख नाही. नव्याने फिल्म करणाऱ्याने संगीताचा कागद पहिल्या महिन्यात करावा.

13 ऑक्टोबर 2024

कच्चा जोड काही जणांना दाखवला. प्रश्न एकच, वेगवेगळ्या तोंडांनी: मिठाचा सत्याग्रह का नाही?

1930 साली शिरोड्याला, वडाळ्याला लोकांनी काय सोसलं ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मनात अपार आदर आहे. पण मीठ म्हटलं की पडद्यावर सत्याग्रहच येतो, आणि ज्या हातांनी ते मीठ रोज ओढलं जातं ते त्या चित्राच्या कडेलाही नसतात. ही पाच मिनिटं त्या हातांची. ठरलं.

दुसरी सूचना: शेवटी जमिनीचा प्रश्न पाटी लावून सांगावा. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडची सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय नुकताच झाला आहे, त्यामुळे विषय ताजा आहे. यावर बरेच दिवस विचार केला. पाटी नाही. मात्र शेवटच्या आधीच्या शॉटमध्ये वाफ्यांच्या चौकटींमागे, खालच्या काचेवर, इमारतींची एक फिकट रांग मिठात काढायची. उंच, चौकोनी, वाफ्यांसारख्याच खिडक्यांची. कॅमेरा तिच्याकडे जाणार नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

8 डिसेंबर 2024

हवा कोरडी. मीठ पुन्हा सुटं झालं आणि इमारतींचा शॉट व भरतीचा शॉट घेतले. भरतीसाठी सगळ्यात बारीक मीठ, रुंद ब्रश, आणि प्रत्येक लाट मागे जाताना एक पातळ रेघ मागे सोडणं. हात आता असा बसलाय की ब्रश उचलण्याआधी पुढची फ्रेम दिसते. चित्रण संपलं.

19 जानेवारी 2025

संकलन. आराखड्यात आवाजाच्या पट्टीवर जागा ठरलेल्या असल्याने फिल्म दोन आठवड्यांत उभी राहिली. उरलेलं काम धरून ठेवण्याच्या क्षणांचं. स्थिर चित्र नुसतं गोठवलं की डोळ्याला ते मेल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येक स्थिर चित्राचे सलग काही फोटो मी मुळातच घेऊन ठेवले होते. ते आलटून पालटून लावले की मिठाचे कण किंचित थरथरतात आणि चित्र श्वास घेत राहतं. मिठात काही न हलवताही हे होतं, कारण हवेने एखादा कण सरकतोच.

ध्वनीत मित्राने कमाल केली आहे. तुडवण्याचा आवाज आगरावरचाच. राशीवर टोपली रिकामी होण्याचा आवाज मात्र तिथे वाऱ्यात हरवत होता, तो बंद खोलीत लाकडी परातीवर जाडं मीठ ओतून घेतला. पावसाचा पहिला थेंब म्हणजे त्याच परातीवर पडलेला मिठाचा एकच खडा. ऐकल्यावर अंगावर काटा आला.

3 मार्च 2025

सकाळी बातमी: लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसच्या मांजराच्या फिल्मला ऑस्कर. पूर्ण फिल्म ब्लेंडरमध्ये, एकही संवाद नाही. त्याने आपली पहिली लांब फिल्म तर 2019 साली संगीतासकट एकट्याने केली होती. दिवसभर ओळखीच्या अ‍ॅनिमेटर मंडळींचे निरोप येत होते, सगळे हरखलेले. मीही.

एक गोष्ट मात्र आजच लिहून ठेवते. मोफत सॉफ्टवेअरवर झालेली फिल्म म्हणजे फुकट झालेली फिल्म असा अर्थ उद्यापासून काढला जाईल. या फिल्ममागे अनेक वर्षं आहेत, तीन देशांचे निर्माते आहेत, आणि अशा कामाला सार्वजनिक पैसा देणारी युरोपातली व्यवस्था आहे. आपल्याकडे गीतांजली राव यांनी स्वतः रंगवून केलेल्या लघुपटाला 2006 साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात पुरस्कार मिळाले, आणि तरी एकट्याने काम करणाऱ्याला उभं करणारी व्यवस्था त्यानंतर फारशी उभी राहिली नाही. हुन्नर इथे आहे. वर्ष-दोन वर्षं घर चालेल एवढी साधी फेलोशिप हवी आहे. ती मिळाली तर गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत फिल्म करणारे हात निघतील, याबद्दल मला शंका नाही.

30 मार्च 2025

पाडवा. डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, तयार झाला. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत साधन वापरलं. चित्र 1998 बाय 1080, सेकंदाला 24 फ्रेम. पुण्यातल्या एका छोट्या प्रेक्षागृहात मोठ्या पडद्यावर पाहिला. प्रोजेक्टरवर काळा हा संगणकाइतका काळा नसतो, त्यामुळे मिठाचे सगळ्यात पातळ थर त्यात बुडाले. इमारतींची रांग तर दिसेनाशीच झाली. करडे रंग थोडे वर उचलून पुन्हा काढणार.

महोत्सवांची यादी छोटी ठेवली आहे. बहुतेकांचं प्रवेशशुल्क डॉलरमध्ये असतं, आणि दहा ठिकाणी पाठवलं तर दिव्यांचा खर्च निघाला असता एवढी रक्कम जाते. मुंबईचा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव 1990 पासून दर दोन वर्षांनी होतो. तो पुढच्या वर्षी, त्याची वाट पाहणार. बाहेरच्यांपैकी अ‍ॅनिमेशनलाच वाहिलेले दोन. बाकीचा पैसा दाखवण्यावर: एक उसना प्रोजेक्टर, एक पडदा, आणि आगरपट्ट्यातली गावं.

13 एप्रिल 2025

काकींच्या ओटीवर लॅपटॉपवर फिल्म दाखवली. घरातले सगळे, शेजारचे काही. पावलांच्या शॉटला काकी पुढे सरकल्या आणि पडद्यावर बोट ठेवून सुनेला सांगायला लागल्या की टाच आधी कशी पडते. स्वतःचा आवाज आला तेव्हा हसल्या, धवल्याला मात्र बरोबर म्हणू लागल्या, आणि मागे बसलेल्या दोघींनीही सूर धरला.

संपल्यावर विचारलं, काही बदलायचं का? रास जास्त उंच हवी, म्हणाल्या; त्यांच्या वेळी याच्या दुप्पट लागायची. आणि शेवटी नावं येतात तिथे त्यांच्या दोन्ही जावांची नावं घालायची, त्या आयुष्यभर एकाच वाफ्यात होत्या. एक जाऊ आता नाही. नावं कशी लिहायची ते मुलाने कागदावर लिहून दिलं.

पुढची कामं: शेवटच्या पाटीत दोन नावं; करडे थर उचलून डीसीपी पुन्हा; इंग्रजी आणि हिंदी उपशीर्षकं, पण काकींची बोली मराठी उपशीर्षकात प्रमाण करायची नाही, जशी आहे तशी. राशीचा उंच शॉट नव्याने घ्यायचा तर पावसाआधीच घ्यावा लागेल. कच्चं मीठ एक पोतं काकींच्या मुलाकडून आजच आणलं आहे.